व्हर्नेलच्या बहिणीची ओसरी

अमेरिकेत कुठल्या गावचा माणूस कसा चिडतो, हे मला मस्कतमध्ये, आमच्या रुवीतल्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता कळलं. शिकवणारी होती व्हर्नेल. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायची. उंच, रुंद खांद्यांची, आणि काळी. आधी मी तिचं वर्णन करताना 'जराशी सावळी' म्हणायचे, जसं काही तिच्यावर उपकारच करत होते. एकदा तिच्यासमोरच कोणाला तरी तसं सांगितलं, तर म्हणाली, "मिस शकू, माझा रंग म्हणजे सर्दी नाही, जराशी आहे म्हणून सांगायला."

ती तिच्या इंग्रजीत बोलायची, मी माझ्या इंग्रजीत. दोघींचं इंग्रजी एकमेकींना कसं कळायचं ते आम्हालाच ठाऊक, म्हणून इथे सगळं मराठीतच लिहिते. ती मेम्फिसची. तिच्या गावाकडे मोठ्या बाईच्या नावाला 'मिस' लावतात; लग्न झालेलं असो की नसो, सहा नातवंडं असोत. आपलं 'ताई'च ते, फक्त पुढून लावलेलं.

तीस वर्षं तिने शाळांमधून इंग्रजी शिकवलं होतं, आणि बदल्या मागून घ्याव्यात तशी गावं बदलली होती. त्यामुळे कुठल्याही शहराचं नाव काढलं की ती चष्मा कपाळावर सरकवून त्याचा शेरा सांगायची.

"शिकागोत थंडी इतकी असते की भांडायला कोणी घराबाहेर पडत नाही. सगळं साठवून ठेवतात आणि उन्हाळ्यात बाहेर काढतात. ह्यूस्टनमध्ये प्रत्येकाच्या गाडीत बंदूक, म्हणून हॉर्न कोणी वाजवत नाही. इतकं शांत गाव बघितलं नाहीस तू. बॉस्टनमध्ये माणूस सगळ्यांशीच तुसडेपणाने वागतो. तुझ्याशी जरा वेगळं वागतोय हे कळायला दोन वर्षं जातात."

"आणि मेम्फिस?"

"मेम्फिसमध्ये आधी तुझ्या आईची तब्येत विचारतील. मग भांडतील."

मी म्हटलं, हे तर आमच्याकडेही आहे. कोल्हापुरात शिवी दिली तर समजावं, ओळख पटली. पुण्यात 'असं होय' म्हणाले की समजावं, शिवी दिली. नागपूरकर भांडताना आधी बसायला सांगतो. हे ऐकून ती इतकी हसली की मेथीची जुडी खाली पडली. त्यानंतर आमच्या इमारतीतल्या कोणाही मराठी माणसाने 'असं होय' म्हटलं की ती माझ्याकडे बघून भुवया उंचावायची. मराठी तिला येत नव्हतं, पण एवढं बरोबर कळायचं.

उत्तरेकडच्या एका छोट्या गावातही तिने एक वर्ष काढलं होतं. तिथल्याबद्दल मात्र ती विनोद करायची नाही. "छान गाव. रस्त्यावर भेटेल तो हसून हात करायचा. वर्षभर राहिले. एकाही घराच्या आत गेले नाही."

ती आली तेव्हा मी जेमतेम साठ वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला अक्कल ती कितीशी असणार! वॉचमनने सांगितलं, ऊपर अमेरिकन मॅडम आ रही है. झालं. मी ठेवणीतले कप काढले, करंज्या केल्या, आणि उकाड्यात सिल्कची साडी नेसून ट्रे घेऊन वर गेले. डोक्यात एक सोनेरी केसांची बाई घेऊन गेले होते. दारात एक काळी बाई, डोक्याला फडकं बांधून, जिन्याची फरशी पुसत होती. मी मान वाकडी करून तिच्या पलीकडे घरात डोकावले आणि विचारलं, "मॅडम कधी येणार?"

तिने माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, करंज्यांकडे बघितलं. म्हणाली, "मॅडम फरशी पुसतेय. ट्रे इकडे दिलात तर लवकर आवरेल."

खाली येऊन मी सुनेला एवढंच सांगितलं की अमेरिकन बाई अगदी साधी आहे हो. पुढे माझ्या पासष्टीला घरात तीसेक माणसं असताना व्हर्नेलने तो सगळा प्रसंग करून दाखवला. माझी वाकडी मान, डोळे, सिल्कचा पदर, सगळं. आमची प्राची, म्हणजे सून, हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले. हसताना माझे कान तापले होते ते मात्र व्हर्नेलला दिसलं, कारण जाताना तिने माझा कान हळूच ओढला.

माझी एकटीचीच ही चूक होती असंही नाही. ज्या खाजगी क्लासने तिला बोलावलं होतं, तिथल्या व्यवस्थापकाने मुलाखत फोनवर घेतलेली. तो विमानतळावर तिच्या नावाची पाटी धरून उभा होता, आणि ती समोर जाऊन उभी राहिली तरी तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. "बिचारा," ती म्हणायची, "मान दुखली असेल त्याची." पालकही येऊन विचारायचे, अमेरिकन टीचर कोणती? ती हात वर करायची, वर्गातल्या मुलीसारखा.

दुकानात गेली की ती दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभी राहायची. पर्समध्ये हात घालायचा तर आधी सांगायची, "मी पर्स उघडतेय." आणि बिल घेतल्याशिवाय हलायची नाही. हमरियातल्या आमच्या दुकानदार हमीदभाईंना, रत्नागिरीचा माणूस, याचा वैताग यायचा. "आक्का, हिला समजवा. शंभर बैशाच्या कोथिंबिरीचं बिल मागते! मी काय हिच्यावर केस करणार हाय?" मी तिला सांगितलं, अगं, हमीदभाई आपलाच माणूस आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. माझ्या हातांना माहीत नाही." मग हमीदभाई न मागता बिल फाडून द्यायला लागले, वर तारीख घालून, सहीसकट. कोथिंबीर फुकट दिली तरी बिल द्यायचे.

दुसरी सवय तिने आमच्याकडून उचलली असं मला वाटायचं. आम्ही खालून डबा पाठवला की तो रिकामा परत यायचा नाही. मक्याच्या पिठाचा केक, भोपळ्याची गोड पोळी म्हणावी असं काहीतरी, निदान चार खजूर. मी म्हटलं, आमची रीत बरी उचललीस. ती म्हणाली, "मिस शकू, तुला काय वाटलं, ही रीत आमच्याकडे तुमच्या जहाजातून आली?"

एक दिवस ती हमरियाच्या बाजारात गाडीच्या टपावर पर्स विसरली. भर गर्दीची वेळ. तासाभराने आठवण झाली तेव्हा आम्ही दोघी धावतच गेलो. पर्स तिथेच. शेजारी एक म्हातारा ओमानी गाडीला टेकून उभा, उन्हात, कपाळावर घाम. आम्हाला बघून त्याने पर्सकडे बोट दाखवलं, 'यल्ला', म्हणजे चला, म्हणाला आणि निघून गेला. मी 'बघ, किती छान देश' वगैरे सुरू केलं, तर व्हर्नेल गाडीत बसून रडत होती. मला वाटलं आनंदाने. म्हणून मी अजूनच उत्साहाने ओमानचं कौतुक करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "गप्प बस गं. ओडेसा तिथे आहे आणि मी इथे."

ओडेसा तिची थोरली बहीण. मेम्फिसमध्ये, आईच्या घरात, एकटी. रोज संध्याकाळी इथून फोन व्हायचा. तिथे तेव्हा सकाळ असायची आणि ओडेसा घरापुढच्या पोर्चमध्ये बसलेली असायची. पोर्च म्हणजे आपली ओसरीच, लाकडी, दोन पायऱ्यांची. तिथे बसून ती शेंगा सोलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची. फोनवर मला तो रस्ता ऐकू यायचा. कोणीतरी 'मॉर्निंग, मिस ओडेसा' म्हणायचं आणि ओडेसा आमचं बोलणं तोडून त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची.

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला आमच्याकडे वंदना होते, खीर होते, व्हर्नेल खीर प्यायला हमखास खाली यायची. अशाच एका पौर्णिमेला मी तिला आडनावाची गंमत सांगितली. मस्कतमध्ये नवं मराठी माणूस भेटलं की तिसऱ्या मिनिटाला विचारतं, पूर्ण नाव काय? मग आडनाव ऐकून एक क्षण थांबतं. मग 'अच्छा अच्छा' म्हणतं. त्या एका क्षणात सगळं होऊन जातं. आमचा सुमेध, माझा मुलगा, एवढा इंजिनिअर, पुण्यात भाड्याने घर बघायला गेला तेव्हा फोनवर घर रिकामं होतं; आडनाव सांगितल्यावर त्याच दुपारी गेलेलं होतं.

व्हर्नेलने खिरीची वाटी खाली ठेवली. "तुमच्याकडे निदान विचारावं लागतं," ती म्हणाली.

हे सगळं मला माहीत होतं, एवढ्यासाठी हे सांगितलं. मी काही अडाणी नव्हते. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

माझी नात ओवी बारावी झाली आणि तिला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक मेम्फिसला. दुसरा उत्तरेकडे, अशाच एका छोट्या, हिरव्यागार गावात. मेम्फिसचा अभ्यासक्रम तिच्या मनासारखा होता. अर्ज व्हर्नेलनेच तिच्याकडून लिहून घेतले होते, रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर. मेम्फिसचं पत्र आलं तेव्हा व्हर्नेल जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली.

"वसतिगृह कशाला? ओडेसाकडे राहील! वरची खोली आहे, आईची. खिडकीतून पेकानचं झाड दिसतं. ओडेसाला मी विचारलं, तिने पडदे धुवायलासुद्धा काढले."

मी तिला म्हटलं, "पण तिथे... सेफ आहे ना गं?"

"कोणासाठी विचारतेस ते सांग, मग सांगते," असं ती एरवी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. म्हणाली, "आमचं घर सेफ आहे, मिस शकू." आणि माझा हात दाबला.

रात्रीच्या जेवणाला सुमेधने मोबाइलवर मेम्फिसचा नकाशा काढला, गुन्हे जास्त तिथे लाल रंग. ओडेसाचं घर लालात होतं. नकाशावरच्या फोटोत शेजारच्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या दिसत होत्या. प्राची म्हणाली, "आई, तुम्हीच ठरवा, तुमची मैत्रीण आहे." असं म्हणून सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं, आणि मला ते आवडलंही. मी म्हटलं, थांबा, आधी चौकशी करू.

चौकशी! आमच्या माणसांना दुसरं येतं काय? लग्नाचं स्थळ असो, भाड्याचं घर असो, की दुधवाला. कोणीतरी ओळखीचं गाठायचं, त्याने गुपचूप जायचं, लांबून बघून यायचं आणि सांगायचं. ज्याची चौकशी त्याला कळता कामा नये, नाहीतर वाईट दिसतं. प्राचीच्या मावसभावाचा मित्र महेश मेम्फिसच्या जवळपास निघाला. त्याला पत्ता पाठवला. तो पत्ता व्हर्नेलने ओवीला मोठ्या प्रेमाने, तिच्या वळणदार अक्षरात लिहून दिलेला होता.

महेशने व्हिडिओ पाठवला. आम्ही तो चहा घेत हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावला. मुलगी बघायला बसावं तसे ओळीने बसलो होतो सगळे. व्हिडिओ गाडीतूनच काढलेला. गाडी हळूहळू चालली होती. फळ्या ठोकलेलं घर, गवत वाढलेलं अंगण, मग पांढरं लाकडी घर. मोबाइल खिडकीला लावलेला असणार, चित्र हलत होतं. महेशचा आवाज: "काकू, हे बघा, हेच असणार. एरिया असा आहे बघा. मी काही उतरत नाही बरं का." गाडी पुढे गेली, वळली आणि परत हळूहळू आली. ओसरीवर एक म्हातारी, टोपी घातलेली, मांडीवर भांडं. तिने हात वर केला. महेशने काच वर घेतली. व्हिडिओ संपला.

"कुंड्या छान ठेवल्यात," प्राची म्हणाली.

"शेजार बघ की," सुमेध म्हणाला.

ओवी म्हणाली, "शी वेव्ह्ड! आजी, ती आपल्याला हात केली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, नको. पोरीची जात आहे, परका मुलूख आहे. नको. ओवी खोलीत निघून गेली. मी व्हर्नेलला सांगितलं की उत्तरेकडच्या कॉलेजचं नाव मोठं आहे, सुमेधचा आग्रह आहे. खोटं मला झकास जमतं. व्हर्नेल म्हणाली, "हं." चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर घेतला. "ओडेसाला सांगते, पडदे परत लावू नको म्हणून."

त्यानंतरच्या आठवड्यात ती खाली आली ती चपला न काढता. तिच्यासारखी बाई चपला न काढता आत आली म्हणजे काहीतरी झालं होतं. मी चहा टाकला.

"ओडेसाच्या घरासमोर गाडी आली होती. करडी. हळू चालवत. आत एक पुरुष, मोबाइल धरून घराकडे. गेली, वळली, परत आली. ओडेसाने हात केला तर काच वर घेतली."

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. चहा उतू गेला.

मग तिने मला एवढ्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. ओडेसाला एक मुलगा होता, कर्टिस. एके दुपारी त्याच पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधत होता. एक गाडी अशीच हळू आली, गेली, वळली, परत आली. गोळ्या झाडणाऱ्यांना दुसऱ्याच कुणाचं घर हवं होतं. ओडेसा आत भात वाढत होती. त्यानंतर कितीतरी दिवस ओडेसाने पुढचं दारच उघडलं नाही, मागच्या दाराने जायची-यायची. व्हर्नेल तिला म्हणाली, चल माझ्याबरोबर, हे गाव सोडू. ओडेसा म्हणाली, मी माझी ओसरी सोडून कुठे येऊ? मग ओडेसा एक दिवस खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली आणि प्रत्येक गाडीला हात करायला लागली. "ज्या गाडीतला माणूस उलट हात करतो," ती म्हणायची, "ती गाडी नव्हे." व्हर्नेल मात्र जिथे काम मिळालं तिथे निघून आली. ते काम मस्कतमध्ये होतं.

"ती राहिली आणि मी पळाले," व्हर्नेल म्हणाली. "आणि आता ती परत मागच्या दाराने जाते."

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "साखर घालू?"

इतकी वर्षं मी तिला तिच्या साखरेचं विचारलं नव्हतं. ती चहात साखर घेतच नाही.

मी गप्प राहिले आणि रोज नवं कारण शोधत राहिले. आधी वाटलं, चार दिवसांत विसरेल. मग वाटलं, सुमेधला वाईट वाटेल, महेशला वाईट वाटेल. जगातल्या सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून मी झटत होते, फक्त मेम्फिसमधली एक म्हातारी त्यात मोजत नव्हते. वर व्हर्नेलचे संध्याकाळचे फोन लांबायला लागले. आता त्यात रस्ता ऐकू यायचा नाही, मागे टीव्ही लागलेला असायचा.

मग एक दिवस ओवी घरात आली, पिशवी न टाकता माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, व्हर्नेल मिसनी रिझाइन केला. ती परत जाते. तिच्या सिस्टरला भीती वाटतो, एक ग्रे गाडी..." मराठी तिचं असंच, घाईत असली की स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी सगळं पुल्लिंगी होतं. "आजी, त्या अंकलची गाडी कुठला कलर होता?"

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. "गाडीतून काढलेल्या व्हिडिओत गाडी कशी दिसेल?"

बघा, उत्तर किती हुशारीचं! ओवी नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला पुण्यातल्या त्या घरमालकीणबाई आठवल्या. सुमेधबरोबर मीही गेले होते तेव्हा. त्याही अशाच हुशार होत्या.

मी नारळाच्या वड्या केल्या. गुन्हा कबूल करायलासुद्धा रिकाम्या हाताने जायचं नाही, असं आमच्या घरचं वळण. वर गेले तर व्हर्नेल खोक्यांत पुस्तकं भरत होती. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं. गाडी आमची होती. म्हणजे आमच्या माणसाची. आम्ही घर बघायला पाठवलं होतं.

तिने हातातलं पुस्तक खोक्यात नीट बसवलं. मग विचारलं, "काय म्हणाला तुमचा माणूस?"

"घर चांगलं आहे म्हणाला."

"आणि तू काय म्हणालीस?"

मी वड्यांचं ताट पुढे केलं. तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. "ओडेसा, त्या गाडीचं कळलं. इंडियन लोक होते. मुलीला पाठवायच्या आधी घर बघून घेतात. त्यांच्यात तसं करतात." किती सरळ सांगितलं तिने. आमच्या वतीने, आमची बाजू घेऊन.

पलीकडे ओडेसा हसली. खोकला येईपर्यंत हसली. "अगं बाई! आणि मी पोलिसांना फोन करायला निघाले होते. बरं झालं केला नाही, त्या पोराचं काय झालं असतं कोणास ठाऊक." मग म्हणाली, "त्या मुलीच्या आजीला सांग, मी तिला हात केला होता."

"ती इथेच आहे," व्हर्नेल म्हणाली.

"मग आवडलं का घर?" ओडेसाने मला विचारलं.

मी म्हटलं, कुंड्या फार छान आहेत.

फोन ठेवल्यावर मी व्हर्नेलला म्हटलं, आता भीती गेली ना, मग राजीनामा परत घे. तिने मान हलवली. "ऐकलंस ना, ती हसली ते. टीव्हीसमोर बसून हसली. कोण होतं ते आता तिला कळलं. पण गाडी हळू आली की अंगातून काय जातं, ते परत आठवलंय तिला. ते कळल्याने जात नाही." आणि थोड्या वेळाने, दुसरं खोकं ओढत, "मला विचारायचं ना, मिस शकू. त्या गल्लीत कुठल्या घरात काय वाईट आहे, सगळं सांगितलं असतं. घराघराचं सांगितलं असतं. मी तिथली आहे."

वड्या तिने ठेवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं, घासून, पुसून, लख्ख. रिकामं. मी ते पालथं करूनसुद्धा बघितलं.

जाण्याआधी तिने ओवीला तीन संध्याकाळी शिकवलं. मला वाटलं इंग्रजी असेल. मी दारातून ऐकलं तर: दुकानात दोन्ही हात दिसतील असे ठेव. पोलिसाने थांबवलं तर खिशाकडे हात नेऊ नको, आधी सांग. लोक हसून हात करतील, तूही कर, पण कोणी घरात बोलावतं का त्यावर लक्ष ठेव. ओवी हसत म्हणाली, "पण मिस, ते सेफ गाव आहे." व्हर्नेल म्हणाली, "म्हणूनच."

ओवी उत्तरेकडे गेली. गाव खरंच छान आहे. हिरवं, शांत. रात्री कोणी दार लावत नाही म्हणे. सुमेध सगळ्यांना सांगतो की आईचा निर्णय अगदी बरोबर ठरला, आणि ते खरंही आहे. काही वाईट झालं नाही. होऊ नये अशीच माझी इच्छा आहे, नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही त्याचीच वाट बघतेय. पण पोर फोनवर सांगते, सगळे हात करतात आजी, आणि पुढे काही सांगत नाही. मीही विचारत नाही.

सुट्टीत आम्हाला न सांगता ती बस बदलत बदलत मेम्फिसला गेली. तिथून फोटो पाठवला, तोच मी इथे बघत बसलेय. पांढरं घर, वरच्या खिडकीला पडदे. पुढचं दार उघडं आहे, आणि चौकटीत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, ओडेसा उभी आहे, एक हात चौकटीवर. तिची खुर्ची बाहेर ओसरीवर मांडलेली आहे, रिकामी. तिच्यापुढे, शेवटच्या पायरीवर, व्हर्नेल. केस पिकलेत तिचे. ओवीने नक्कीच 'इकडे बघा' म्हटलं असणार, कारण ओडेसा हसतेय. व्हर्नेल मात्र पाठ अर्धी वळवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, रस्त्याच्या टोकाकडे बघतेय. फोटोत रस्ता येत नाही. तिकडून काहीतरी हळू येत असावं.